गाऱ्हाण्याला आवक क्रमांक मिळतो तेव्हा



गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी आमच्या वस्तीतल्या एक मावशी दारात येऊन बसल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत रेशन कार्ड, बँकेचे पासबुक आणि नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला. निराधार योजनेचे पैसे चार महिने आलेले नव्हते. मावशींनी कचेरीत सहा हेलपाटे घातले होते. एकदा साहेब दौऱ्यावर, एकदा यादी वर गेलेली, एकदा ‘पुढच्या सोमवारी या’. मी विचारले, “मावशी, अर्ज दिलात का?” त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, “अर्ज कशाला रे बाळा? मी स्वतः गेले होते ना!”

मला हसू आले नाही, कारण मी स्वतः कारकून आहे. बी.कॉम. झालो आणि टेबलाला चिकटलो, तेव्हापासून एक गोष्ट रोज पाहत आलो आहे. तोंडी सांगितलेले गाऱ्हाणे टेबलावरून खाली सांडते. लिहून दिलेल्या गाऱ्हाण्यावर शिक्का बसतो, बारनिशीत एक ओळ भरली जाते, आवक क्रमांक पडतो. त्यानंतर साहेबांना ते फेटाळता येते, पण ‘आमच्याकडे कोणी आलेच नव्हते’ असे म्हणता येत नाही. त्याच दिवशी आम्ही दोन प्रतींत अर्ज लिहिला. सोमवारी मी अर्धा दिवस रजा टाकली, मावशींबरोबर गेलो आणि पोच घेतली.

बरोबर शेजारचा बारावीतला मुलगा होता. परत येताना तो म्हणाला, “काका, एवढ्याशा नंबराने काय होणार? मोठमोठ्या सभागृहांत खासदार-आमदार बोलतात, तेसुद्धा हवेतच जाते.”

पोराचा प्रश्न खोटा नव्हता. पण उत्तर म्हणून त्याला मी केनिया देशाची हकीकत सांगितली. तुम्ही म्हणाल, केनियाच का? कारण त्या देशात लोकांचे गाऱ्हाणे सभागृहात मांडले म्हणून माणसे तुरुंगात गेली, काही जिवानिशी गेली. बोलणे नुसते हवेत जात असते, तर बोलणाऱ्याला कोणी तुरुंगात कशाला टाकले असते? तीच हकीकत आज तुमच्यापुढे ठेवतो.

गोव्याचा एक धागा

केनिया हा पूर्व आफ्रिकेतला देश. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून समुद्र ओलांडला की पलीकडे मोंबासा बंदर. इंग्रजांनी तिथे रेल्वे बांधली तेव्हा हजारो मजूर हिंदुस्थानातून नेले. पुढे सरकारी कचेऱ्यांतल्या कारकुनीसाठी गोव्याची बरीच माणसे तिकडे गेली. उंचावरची सुपीक, थंड हवेची जमीन गोऱ्या मळेवाल्यांसाठी राखून ठेवली गेली आणि त्या मातीवर पिढ्यान् पिढ्या राहिलेले लोक तिथेच मजूर झाले. यातून माऊ माऊचा उठाव झाला. १९५२ साली आणीबाणी पुकारली गेली, हजारो लोक छावण्यांत डांबले गेले. अखेर १२ डिसेंबर १९६३ रोजी देश स्वतंत्र झाला.

अशाच एका गोवेकर कुटुंबात ३१ मार्च १९२७ रोजी नैरोबीत एक मुलगा जन्मला. नाव पिओ गामा पिंटो. शिक्षणासाठी तो हिंदुस्थानात आला. मुंबईत टपाल-तार खात्यात त्याने नोकरी केली, संपात भाग घेतला, गोव्यातील पोर्तुगीज सत्तेविरुद्धच्या चळवळीत उतरला. अटक होणार असे दिसताच १९४९ साली तो केनियात परतला. तिथे त्याने पत्रकारिता केली, पकडलेल्या आफ्रिकी लोकांना वकील मिळवून देण्यासाठी धावपळ केली. १९५४ साली इंग्रजांनी त्यालाही स्थानबद्ध केले.

स्वातंत्र्यानंतर १९६४ साली पिंटो संसदेचा सदस्य झाला. गोऱ्यांनी सोडलेली जमीन आता कोणाच्या हातात जाते आहे, लढ्यात सर्वस्व गमावलेल्या भूमिहीनाच्या पदरात काय पडते आहे, हा प्रश्न तो सोडायला तयार नव्हता. २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत, स्वतःच्या घराच्या फाटकाशी, मोटारीत लहान मुलगी बसलेली असताना त्याला गोळ्या घातल्या गेल्या. वय अवघे सदतीस. स्वतंत्र केनियातला हा पहिला राजकीय खून. आपल्या मुंबईत टपालाच्या कचेरीत खर्डेघाशी केलेला माणूस तिकडे भूमिहीनांसाठी मेला, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

जे उघड आहे, त्याचा पुरावा कशाला?

पिंटो गेला, पण जमिनीचा प्रश्न जागच्या जागी राहिला. तो पुन्हा सभागृहात आणला जे. एम. कारियुकी यांनी. हे स्वतः माऊ माऊच्या काळात सात वर्षे छावण्यांत राहिलेले, पुढे राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा यांचे चिटणीस झालेले, म्हणजे सरकारच्या घरातलेच. तरीही ते उघड बोलू लागले. दहा लक्षाधीश आणि एक कोटी भिकारी असा देश आपल्याला नको आहे, या आशयाचे त्यांचे उद्गार केनियात आजही घरोघर माहीत आहेत. मार्च १९७५ मध्ये ते नाहीसे झाले. नैरोबीजवळच्या न्गोंग टेकड्यांत त्यांचे प्रेत सापडले.

आता पुढची गोष्ट नीट वाचा. संसद गप्प बसली नाही. तिने एलिजा म्वांगाले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. समितीने पोलीस खात्यातील बड्या अधिकाऱ्यांकडे बोट दाखवणारा अहवाल त्याच वर्षी जूनमध्ये पटलावर ठेवला. सरकारचे म्हणणे होते, अहवालाची नुसती ‘नोंद’ घ्या, तो ‘स्वीकारू’ नका. आम्हा कारकुनांना या दोन शब्दांतला फरक चांगला कळतो! ‘नोंद घेतली’ म्हणजे फाईल कपाटात गेली. सभागृहाने सरकारची दुरुस्ती अगदी थोड्या मतांच्या फरकाने फेटाळली आणि अहवाल स्वीकारला. अहवालाच्या बाजूने मत दिले म्हणून मंत्री मासिंदे मुलिरो आणि दोन उपमंत्री, जॉन कीन व पीटर किबिसू, यांना सरकारातून काढून टाकण्यात आले.

त्या सभागृहात बुटेरे मतदारसंघाचे एक सदस्य होते, मार्टिन शिकुकू. स्वतःला ते लोकांचा राखणदार म्हणवून घेत. गावातला जागल्या जसा रात्री हाळी देत फिरतो, तसे हे सभागृहात प्रश्न विचारत फिरत. १९७४ साली केनियाच्या सभागृहात इंग्रजीबरोबर स्वाहिली भाषेला वाट मिळाली होती. ज्या भाषेत बाई बाजारात भाव विचारते, त्याच भाषेत आता सरकारला जाब विचारता येऊ लागला होता. अशा काळात ऑक्टोबर १९७५ मध्ये शिकुकू भाषणात बोलून गेले की, जो कोणी या सभागृहाची प्रतिष्ठा कमी करू पाहतो, तो हे सभागृह मारायला निघाला आहे, जसे कानू पक्षाला मारून टाकले तसे. कानू म्हणजे सत्तेवर असलेला पक्ष. शिकुकू स्वतःही त्याच पक्षाचे!

सरकारी बाकावरून हरकतीचा मुद्दा आला: सदस्यांनी विधानाचा पुरावा द्यावा. त्या वेळी उपाध्यक्ष जीन-मरी सिरोनी आसनावर होते. हे तिंदेरेटचे सदस्य, पेशाने वकील. १९६९ साली नांदी लोकांच्या गेलेल्या जमिनींबद्दल जाहीरनामा काढला म्हणून त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला होऊन दंडही झालेला होता. त्यांनी आसनावरून निर्णय दिला की, जे उघडच आहे त्याला पुरावा देण्याची गरज नाही.

एवढे एक वाक्य. काही दिवसांतच, १५ ऑक्टोबर १९७५ रोजी, पोलीस संसदेच्या आवारात शिरले आणि शिकुकू व सिरोनी या दोघांनाही तिथूनच घेऊन गेले. ना आरोपपत्र, ना सुनावणी. सार्वजनिक सुरक्षेच्या कायद्याखाली दोघांना स्थानबद्ध केले. केन्याटा यांचे ऑगस्ट १९७८ मध्ये निधन झाले आणि डिसेंबरमध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी स्थानबद्धांना सोडले, तेव्हाच ते बाहेर आले. एका वाक्यासाठी तीन वर्षांहून अधिक काळ!

हे दोघेच नव्हते. चेलागात मुताई ही १९७४ साली चोविसाव्या वर्षी निवडून आलेली तरुण बाई, एल्डोरेट नॉर्थची सदस्य. सरकारच्या चुकांवर सभागृहात तुटून पडणारी. जमिनीच्या वादात लोकांना चिथावले, असा आरोप ठेवून १९७६ साली तिला अडीच वर्षांची शिक्षा झाली. जॉर्ज अन्योना या सदस्याने १९७७ साली रेल्वेच्या डब्यांच्या खरेदीत काळेबेरे असल्याचा प्रश्न सभागृहात लावून धरला. त्यालाही संसदेच्या आवारातूनच उचलले. म्हणजे पाहा, भाषण कितीही करा, पण नेमकी तारीख, नेमका व्यवहार, नेमकी जमीन यांवर बोट ठेवले की सत्तेला घाम फुटतो.

आणि लोकांनी काय केले? सुटून आलेल्या शिकुकूंना १९७९ साली बुटेरेच्या मतदारांनी पुन्हा संसदेत पाठवले. १९८२ साली कायद्यानेच एकपक्षीय राजवट आली. ती उठवण्यासाठी १९९१ साली जी मूठभर माणसे पुढे झाली, त्यांत हे शिकुकू होतेच. त्या वर्षी डिसेंबरात ते कलम रद्द झाले. २०१२ साली राखणदाराने डोळे मिटले, तोवर केनियाची नवी राज्यघटना अमलात आली होती.

अंगठ्याच्या ठशालाही किंमत

ही नवी राज्यघटना लोकांनी ४ ऑगस्ट २०१० रोजी सार्वमताने स्वीकारली आणि २७ ऑगस्टला ती लागू झाली. तिने संसदेची दोन सभागृहे केली. राष्ट्रीय सभेत २९० मतदारसंघांचे सदस्य, ४७ काउंट्यांतून प्रत्येकी एक निवडून आलेली महिला प्रतिनिधी, १२ नामनियुक्त आणि अध्यक्ष. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखे समजा. दुसऱ्या सभागृहात, सिनेटमध्ये, ४७ निवडून आलेले सदस्य, १६ नामनियुक्त महिला, तरुणांचे दोन आणि अपंगांचे दोन प्रतिनिधी, आणि सभापती.

पण मला सर्वांत आवडते ते ११९ वे कलम. त्यानुसार केनियातील प्रत्येक व्यक्तीला संसदेकडे विनंती अर्ज करण्याचा हक्क आहे, अगदी कायदा करा, बदला किंवा रद्द करा असे सांगण्याचासुद्धा. त्यासाठी २०१२ साली स्वतंत्र कायदा झाला. तो कायदा वाचताना मला माझेच टेबल आठवले. अर्ज हाताने लिहिलेला चालेल, टंकलिखित चालेल. भाषा इंग्रजी किंवा स्वाहिली. शब्द सभ्य असावेत. खाडाखोड नसावी. यापूर्वी कोणत्या कचेरीकडे दाद मागितली आणि तिथून काय उत्तर आले, हे लिहावे. प्रकरण न्यायालयात चालू आहे का, तेही सांगावे. शेवटी नेमकी मागणी काय ती स्पष्ट लिहावी. खाली नाव, पत्ता आणि सही. सही येत नसेल तर अंगठा! संसदेच्या सचिवालयात अशा अर्जांची नोंदवही ठेवायची आणि ती कोणालाही बघू द्यायची.

म्हणजेच बारनिशी. देशाच्या सर्वोच्च सभागृहाची आवक बारनिशी! त्या भागाचा सदस्य उभा राहून अर्ज सभागृहासमोर मांडतो किंवा अध्यक्ष तो वाचून दाखवतात. मग तो समितीकडे जातो. समितीला ठरावीक मुदतीत अहवाल द्यावा लागतो. याशिवाय सदस्य निवेदनाची मागणी करतो, प्रश्न विचारतो. नव्या घटनेत मंत्री संसदेचे सदस्य नसतात, म्हणून बरीच वर्षे उत्तरे समित्यांच्या मार्फत येत. आता नियम बदलून मंत्र्यांना सभागृहात येऊन समोरासमोर उत्तर द्यावे लागते. आणि जे बोलले जाते ते शब्दशः इतिवृत्तात छापले जाते. सत्ता बदलते, माणसे मरतात, इतिवृत्त राहते. १९७५ च्या ऑक्टोबरात सिरोनी काय म्हणाले, हे आज आपण बोलतो आहोत ते कशाच्या जोरावर? त्यांना उचलून नेणाऱ्यांना त्यांचे वाक्य मात्र उचलून नेता आले नाही.

बाळ म्हणजे ‘बाहेरचा माणूस’

हे कुटुंबाचे पान आहे, तेव्हा माझ्या भगिनींसाठी दोन प्रसंग सांगतो.

७ ऑगस्ट २०१९. क्वाले काउंटीच्या महिला प्रतिनिधी झुलेका हसन पाच महिन्यांच्या लेकराला कडेवर घेऊन राष्ट्रीय सभेत आल्या. घरी अचानक अडचण निघाली, कामाला तर यायचेच होते. सभागृहात गदारोळ झाला. नियमाप्रमाणे सदस्यांखेरीज कोणालाही आत येता येत नाही, म्हणजे ते तान्हे बाळ ‘बाहेरचा माणूस’ ठरले! आसनावर असलेल्या सदस्यांनी त्यांना बाहेर जायला सांगितले. बाळ ठेवून या, मग बसा. हसन यांचे म्हणणे साधे होते: संसदेत जास्त बाया याव्यात असे वाटत असेल, तर त्यांच्या लेकरांसाठी सोय करा. गंमत अशी की, कामाच्या ठिकाणी आईला बाळाला पाजण्यासाठी खोली असावी असा कायदा याच संसदेने २०१७ साली केला होता. आपल्या बाया बांधकामावर साडीची झोळी बांधून त्यात लेकरू निजवतात, ऊसतोडीला फडात घेऊन जातात. त्यांना हा प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

दुसरा प्रसंग १४ फेब्रुवारी २०२३ चा, सिनेटमधला. नामनियुक्त सिनेटर ग्लोरिया ओरवोबा पांढरा पोशाख घालून आल्या आणि त्यावर मासिक पाळीचा डाग होता. हरकत घेतली गेली, पोशाखाचा नियम निघाला, सभापतींनी त्यांना कपडे बदलून येण्यास सांगितले. ओरवोबा यांनी उत्तर दिले की डाग मला दिसला होता. पण पाळीवरून बायकांना लाजवू नका असे मी सतत सांगत आले, म्हणून तशीच आले. त्या उठल्या, त्या थेट एका शाळेत मुलींना पॅड वाटायला गेल्या. या हट्टामागे एक दुःख होते. २०१९ साली केनियात एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीने जीव दिला. कपड्यावर डाग पडला म्हणून शिक्षिकेने तिला घाणेरडी म्हणून वर्गाबाहेर काढले, असे तिच्या आईने सांगितले होते.

विटाळ हा शब्द आपल्याकडचा. पण लेकरांना लाज शिकवण्याची ही रीत आपल्यापुरती नाही, हे यावरून कळते. आणि हेही कळते की याच देशाने २००४ साली सॅनिटरी पॅडवरचा मूल्यवर्धित कर उठवला आणि २०१७ साली शाळकरी मुलींना ते फुकट देण्याची जबाबदारी कायद्याने सरकारवर टाकली. आपल्याकडे पॅडवरचा जीएसटी उठायला २०१८ साल उजाडले. जो विषय घरात सासू-सुनेतही कुजबुजत बोलला जातो, तो कोणीतरी सभागृहात मोठ्याने बोलल्याशिवाय कायदा होत नाही.

चांगला शेवट झालेली गोष्टही सांगितली पाहिजे. क्रिस्टल असिगे या दृष्टिहीन गायिका २०२२ साली सिनेटवर नामनियुक्त झाल्या. अपंगांच्या हक्कांचे विधेयक त्यांनी आणले, त्याचा पाठपुरावा केला आणि २०२५ साली त्याचा कायदा झाला. ज्याचे दुखते त्याच्याच हातात अर्ज असला, म्हणजे मधल्या मध्ये मजकूर बदलत नाही.

फी भरणारा साहेब की प्रश्न विचारणारा?

आता आपल्याकडचा दोषही पाहू, म्हणजे मतदारांचा. केनियात हरांबे नावाची पद्धत आहे. हरांबे म्हणजे सगळ्यांनी मिळून ओढणे. शाळा बांधायला, कोणाच्या मयताला, पोरांच्या फीला वर्गणी काढतात. पद्धत चांगली. पण हळूहळू अशी सवय लागली की खासदार म्हणजे मोठी वर्गणी देणारा साहेब. २००३ साली कायदा करून मतदारसंघांसाठी विकास निधी सुरू झाला, त्यातून शाळेच्या खोल्या झाल्या, गरिबांच्या मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. ते नाकारण्याचे कारण नाही. पण ज्या साहेबाने माझ्या मुलाची फी भरली, त्याला मी कसे विचारू की फी एवढी का वाढली, आणि त्या दिवशी तुम्ही मत कोणत्या बाजूने दिले? आपल्याकडेही खासदार निधी १९९३ पासून आहे. समाजमंदिरावर पाटी लागते, पाटीवर नाव झळकते. त्या नावाच्या माणसाने सभागृहात आपल्या वस्तीचा किती वेळा उच्चार केला, हे विचारायला आपण जातो का?

सभागृहाने कान बंद केले तर काय होते, हे केनियाने २०२४ साली पाहिले. त्या वर्षीच्या वित्त विधेयकात पावावर १६ टक्के कर होता, मोटारींवर कर होता, पर्यावरणाच्या नावाखाली अनेक वस्तूंवर नवा आकार होता. लोकांनी समितीपुढे निवेदने दिली. तरुणांनी आपापल्या खासदाराला फोन केले, निरोप पाठवले: आमच्या नावाने ‘नाही’ म्हणा. पावावरचा कर आणि इतर काही तरतुदी मागे घेतल्या गेल्या, पण विधेयक तसेच पुढे रेटले गेले. २५ जून २०२४ रोजी १९५ विरुद्ध १०६ मतांनी ते मंजूर झाले. त्याच दुपारी जमाव संसदेत घुसला, इमारतीच्या काही भागाला आग लागली. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, तरुण पोरे मेली. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांनी विधेयकावर सही करणार नाही असे जाहीर केले.

जाळपोळीचे समर्थन मी करणार नाही, करूही नये. पण मेलेल्या पोरांच्या आईबापांना काय सांगणार? जे सांगणे आदल्या आठवड्यात सभागृहाच्या दारातून आत यायला हवे होते, ते भिंतीवरून आले. त्या १०६ जणांनी आपल्या लोकांचा निरोप आत नेला होता. बाकीच्यांनी तो दाराबाहेर ठेवला. आपल्या बाजूने बोलणारा सदस्य म्हणजे सरकारची अडचण असे काहींना वाटते. खरे तर तो देशाचा धूर जाण्याचा झरोका असतो. झरोका बुजवला की घरातलीच माणसे गुदमरतात.

सांगायचा मुद्दा हा की, शिकुकूसारखा माणूस आपोआप तयार होत नाही. त्याच्या पाठीशी बुटेरेचे मतदार होते, तो तुरुंगातून सुटल्यावर त्याला विसरले नाहीत असे. राखणदाराला हाळी द्यायला बळ येते ते घराघरांतून कोणीतरी जागे असते म्हणून.

तेव्हा माझी आपल्याला तीनच सांगणी आहेत. गाऱ्हाणे कोणतेही असो, नळाचे, रेशनचे, शिष्यवृत्तीचे, ते दोन प्रतींत लिहा आणि पोच घ्या. सही येत नसेल तर अंगठा द्या, पण अंगठ्याशेजारी नाव लिहायला लावा. आणि आपल्या नगरसेवकाला, आमदाराला, खासदाराला सत्काराचा हार घालायला जाल, तेव्हा एक प्रश्नही घेऊन जा: आमचा विषय आपण कोणत्या तारखेला मांडला, आणि उत्तर काय आले? तारीख विचारली की पुढच्या वेळी तारीख तयार ठेवावी लागते.

मावशींचे पैसे अजून सुरू झालेले नाहीत. महिना उलटला म्हणून परवा स्मरणपत्र लिहिले. आवक क्रमांकाचा संदर्भ वर घातला. या वेळी मी फक्त सांगत होतो, लिहीत होता तो बारावीतला मुलगा. मावशी भिंतीला टेकून ऐकत बसल्या होत्या. मध्येच त्यांनी विचारले, “का रे बाळा, त्या दिवशी तू सांगत होतास, तो जागल्या... त्याला सोडलं का शेवटी?”

“सोडलं, मावशी. तीन वर्षांनी.”

“मग बोलायचा थांबला का?”

मी म्हणालो, “नाही.”

मावशींनी पिशवीतून शाईचे पॅड काढले. मुलाने कागद पुढे सरकवला. अंगठा उमटला, शेजारी नाव लिहिले. सोमवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत.